एकच जंतू, शेजारच्या दोन खाटा

प्रश्न थोडक्यात असा. एका ताईंच्या वडिलांचं वय ६८, पंधरा वर्षांचा मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आधीपासून थोडं वाढलेलं. पोटात दुखायला लागलं त्याच रात्री त्यांना दवाखान्यात नेलं. आतड्याला छिद्र पडलं होतं, तातडीने ऑपरेशन झालं. अकराव्या दिवशी आयसीयूत थंडी वाजून ताप भरला, बीपी उतरलं, पुन्हा व्हेंटिलेटर लागला. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेबसिएला हा जंतू निघाला आणि रिपोर्टवर जवळजवळ प्रत्येक औषधासमोर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. त्यानंतर पाचव्या दिवशी वडील गेले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या रक्तात त्याच आठवड्यात तोच जंतू आणि तसाच रिपोर्ट होता. त्यांचा संसर्ग लघवीच्या मार्गातून आला होता. ते तीन आठवड्यांनी चालत घरी गेले. ताई विचारतात, “औषधं चालत नव्हती हेच कारण असेल तर ते आजोबा कसे वाचले? आमचं काही चुकलं का?”

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. तुमचं काही चुकलं नाही. अशा दुखण्यात माणसाला त्याच रात्री दवाखान्यात पोचवणं, एवढंच घरच्यांच्या हातात असतं, आणि ते तुम्ही केलंत. मी तुमच्या वडिलांना पाहिलेलं नाही, त्यांची फाइलही माझ्यासमोर नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत नेमकं काय घडलं याचा निवाडा मी देणार नाही. पण बावीस वर्षं आयसीयूत काढली आहेत. तोच जंतू एकाला सोडतो आणि दुसऱ्याला नेतो, हे कशामुळे होतं ते सांगता येतं.

आयसीयूच्या दाराशी उभं राहून आम्ही नातेवाइकांना सांगतो, “जंतू रेझिस्टंट आहे, औषधं लागू पडत नाहीयेत.” हे खोटं नसतं, पण अर्धवट असतं. घरी गेल्यावर नातेवाइकांच्या डोक्यात तेवढंच एक वाक्य उरतं आणि बाकीची कारणं कुणी सांगितलेलीच नसतात.

दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात किती माणसं दगावतात याचा मोठा अंदाज २०१९ सालासाठी काढला गेला आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात दोन आकडे आहेत: ४९.५ लाख आणि १२.७ लाख. बातम्यांमध्ये कधी एक येतो, कधी दुसरा, आणि लोक गोंधळतात. पहिला आकडा म्हणजे असे जंतू असलेला संसर्ग मुळात झालाच नसता तर किती जण वाचले असते. दुसरा म्हणजे संसर्ग झालाच असता, पण जंतू साध्या औषधाला दाद देणारा असता, तर किती जण वाचले असते. दोन आकड्यांमधलं अंतर नीट बघा. बहुतेकांच्या बाबतीत जंतू औषधाला ऐकणारा असता तरी मृत्यू टळला नसता, कारण रक्तात जंतू शिरणं हीच मुळात मोठी आपत्ती असते, आणि ती बहुतेकदा आधीच खचलेल्या शरीरावर येते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

रुग्णालयात असताना रक्तात संसर्ग झालेल्या आयसीयूतल्या रुग्णांची अलीकडची सगळ्यात चांगली पाहणी ‘युरोबॅक्ट-२’ या नावाने झाली. ५२ देशांतले ३३३ आयसीयू, २,६०० रुग्ण. २८ दिवसांच्या आत त्यातले ३७.१ टक्के गेले. मला त्यातले दोन आकडे जास्त अस्वस्थ करतात. लागू पडणारं औषध पहिल्या २४ तासांत फक्त ५१.५ टक्के रुग्णांना मिळालं होतं. आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत नुसत्या औषधाने भागणारं नव्हतं; पू काढणं, नळी बदलणं, पोट पुन्हा उघडणं असं काहीतरी करणं भाग होतं, आणि त्यांच्यापैकी पाच-सहातल्या एकात ते जमलंच नाही. आपल्याकडेही एम्सच्या पुढाकाराने २६ रुग्णालयांतल्या ८९ आयसीयूंवर २०१७-१८ मध्ये अशी नजर ठेवली गेली. आपलं चित्र याहून बरं नाही, आणि नवजात बाळांच्या आयसीयूत तर सगळ्यात वाईट आहे.

आता दोन खाटा शेजारी ठेवू. कार्बापेनेम गटाच्या औषधांना, म्हणजे मेरोपेनेम वगैरेंना, दाद न देणाऱ्या क्लेबसिएलासारख्या जंतूंच्या रुग्णांसाठी स्पेनमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने गुणांची एक पद्धत तयार झाली. ‘इन्क्रिमेंट’ म्हणतात तिला. एकूण १५ गुण. संसर्गाच्या सुरुवातीलाच सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडू लागणं) गंभीर असेल किंवा रुग्ण शॉकमध्ये गेला असेल, म्हणजे बीपी धोकादायक उतरलं असेल, तर ५. पिट नावाच्या मोजणीत ६ किंवा जास्त आले तर ४. या मोजणीत ताप, बीपी, व्हेंटिलेटर, हृदय बंद पडणं आणि शुद्ध एवढ्या पाचच गोष्टी बघतात. जुन्या आजारांचं ओझं ठरावीक पातळीपेक्षा जास्त असेल तर ३. संसर्ग लघवीच्या किंवा पित्ताच्या मार्गातून आलेला नसेल तर ३. आठ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे मृत्यूचा धोका मोठा.

तुमच्या वडिलांचं बीपी पहिल्याच दिवशी उतरलं होतं, व्हेंटिलेटर होता, मधुमेह आणि क्रिएटिनिन होतं, आणि संसर्ग बहुधा पोटातून आला होता. आजोबांचा आला लघवीतून. ते शुद्धीत होते, बीपी टिकून होतं, असं तुम्हीच लिहिलंय. जंतूचं नाव एक, रिपोर्टचा कागद एक, पण या मोजणीत दोघे दोन टोकांना उभे होते. या १५ गुणांत ‘कुठलं अँटिबायोटिक दिलं’ याला एकही गुण नाही, हेही लक्षात घ्या. औषध निरुपयोगी असतं असा याचा अर्थ नाही. औषध कामाला लागायच्या आधीच बराचसा खेळ झालेला असतो, एवढंच त्यातून कळतं.

संसर्ग कुठून आला याने इतका फरक का पडतो? मूत्रपिंड पुष्कळशी औषधं गाळून लघवीत टाकतं, त्यामुळे रक्तात जेवढं औषध असतं त्याच्या कित्येक पट तिथे साठतं. शिवाय लघवी वाहती असते, घाण बाहेर पडत राहते. पोटात तसं नसतं. टाके घातलेलं आतडं थोडं पाझरलं, आतड्यांच्या वेटोळ्यांमध्ये कुठे पू साठला, तर त्या पुवात रक्तपुरवठाच नसतो. औषध शिरेतून कितीही दिलं तरी तिथे पोचत नाही आणि तिथून जंतू रक्तात येतच राहतात. न्यूमोनियातून आलेला संसर्ग याच कारणाने अवघड, आणि त्यात फुप्फुसंच निकामी होत असल्यामुळे आणखी अवघड. म्हणून ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी ताप आणि शॉक आला की आमच्या राउंडला पहिला प्रश्न औषधाचा नसतो, ‘पोटाचा सीटी पुन्हा केला का?’ हा असतो.

नळीचं एक उदाहरण सांगतो, ते मी विसरू शकत नाही. स्वादुपिंडाच्या आजाराचा एक तरुण, मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन, म्हणजे औषधं द्यायची नळी, घालून नववा दिवस. रात्री अडीचला दातखिळी बसावी अशी थंडी, ताप १०३, नाडी दीडशेकडे. मी मेरोपेनेमवरून कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकवर जायचं का याचा विचार करत फाइल चाळत होतो. रात्रपाळीच्या सिस्टरने टॉर्च धरून मानेवरच्या पारदर्शक पट्टीची कड उचलली. पट्टीवर पेनाने लिहिलेली तारीख ओल लागून पसरली होती, आणि लाइन जिथे कातडीत शिरते तिथे मुगाच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका. “सर, ही काढू या का आधी?” एवढंच ती म्हणाली. लाइनमधून आणि दुसऱ्या शिरेतून कल्चर घेतलं, लाइन काढली, दुसऱ्या जागी नवी घातली. सकाळी आठला ताप उतरला होता. औषध मी अजून बदललंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, रेझिस्टंट क्लेबसिएला. हे नशीबच होतं, नेहमी असं सोपं नसतं. पण संसर्गाचं मूळ उपटता आलं की ‘आर’ने भरलेला रिपोर्टसुद्धा पचवता येतो, हे मी त्या रात्री शिकलो.

आता वेळेचं. माझ्या मते दाद न देणारा जंतू सगळ्यात जास्त माणसं इथेच नेतो. ताप आल्यावर रक्त काढून कल्चरच्या बाटल्यांत घालतात, बाटल्या मशीनमध्ये जातात. क्लेबसिएलासारखा जंतू असेल तर साधारण १० ते २० तासांत मशीन इशारा देतं. लॅबमधली व्यक्ती एक थेंब काचेवर घेऊन रंगवते, सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी काड्या दिसतात, आम्हाला फोन येतो: “ग्रॅम निगेटिव्ह आहे.” म्हणजे फक्त जंतूचा ढोबळ गट कळला. नेमका कुठला जंतू आणि कुठलं औषध चालेल हे कळायला आणखी एक-दोन दिवस. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस डॉक्टर अंदाजाने औषध देत असतो. जंतू साधा असेल तर अंदाज बहुतेकदा बरोबर येतो. जंतू रेझिस्टंट असेल तर अंदाज चुकतो, आणि चुकलाय हे कळेपर्यंत अठ्ठेचाळीस तास गेलेले असतात. शॉकमधल्या रुग्णाला पहिल्या एका तासात योग्य औषध मिळावं असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. एक तास आणि अठ्ठेचाळीस तास, या फरकात माणसं जातात.

अंदाज सुधारता येतो. रुग्णाला आधीच्या तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक्स मिळाली, तो किती रुग्णालयांतून फिरून आला, आधीच्या लघवीत किंवा कफात काय निघालं होतं, या वॉर्डात सध्या कुठला जंतू फिरतोय, हे बघून अंदाज करायचा असतो. दुसऱ्या रुग्णालयातून आणताना जुने कल्चर रिपोर्ट बरोबर आणा असं मी प्रत्येकाला सांगतो ते याचसाठी. डिस्चार्ज कार्डावर बहुतेकदा ते लिहिलेलेच नसतात.

कल्चरच्या रक्ताबद्दलही बोलायला हवं, कारण त्यावरून नातेवाईक आमच्यावर चिडतात. मोठ्या माणसाचं एका वेळी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घ्यायचं असतं, प्रत्येक जागेचं साधारण २० मिलि. “आधीच अंगात रक्त नाही, आणि एवढं काढता?” असं ऐकावं लागतं. पण आजारी माणसाच्या एका मिलि रक्तात कधीकधी एखादाच जंतू असतो. चार-पाच मिलि घेतलं तर तो हाती लागत नाही, रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो, आणि चुकीचं औषध चालू राहतं.

औषधांच्या निवडीतही एक फसवी जागा आहे. रिपोर्टवर ‘एस’ (जंतू दाद देतो) दिसलं म्हणजे ते औषध तितकंच चांगलं असं नसतं. २०१८ मध्ये ‘मेरिनो’ नावाची चाचणी आली. सेफ्ट्रिअक्झोनला दाद न देणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेबसिएलाच्या रक्तसंसर्गात निम्म्यांना मेरोपेनेम दिलं, निम्म्यांना पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम. जंतू लॅबमध्ये दोन्हींना दाद देत होते. तीस दिवसांत पहिल्या गटात ३.७ टक्के गेले, दुसऱ्यात १२.३ टक्के. उलटी चूकही होते. घाबरून दोन-तीन ‘हायर’ अँटिबायोटिक्स एकदम सुरू केली जातात. ‘इन्क्रिमेंट’च्या रुग्णांमध्ये दोन औषधांचा फायदा फक्त जास्त गुण असलेल्या गटात दिसला; कमी गुणांच्या रुग्णांना लागू पडणारं एकच औषध पुरलं. शेजारच्या आजोबांना एकच औषध चालू होतं म्हणून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल, तर ते बरोबरच असू शकतं.

आणि डोस. क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की पहिलाच डोस कमी करायची सवय अनेक ठिकाणी आहे. पहिला डोस पूर्ण द्यायचा असतो, कारण शरीरात औषधाची पातळी चढवायची असते. मूत्रपिंडासाठी कपात करायची ती पुढच्या डोसांत. कोलिस्टिनचंही तसंच, सुरुवातीचा मोठा डोस चुकवला तर औषध पुरेशा पातळीला यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि त्या रुग्णाकडे तेवढे दिवस नसतात. कोलिस्टिन मूत्रपिंडाला त्रास देतं हे खरं आहे. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टवर कोलिस्टिनसमोर ‘आय’ (मधला शेरा) लिहिलेलं असेल तर गोंधळू नका. अमेरिकेच्या मानकांत २०२० पासून कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा शेराच काढून टाकलाय, कारण जंतू दाद देतो असं दिसलं तरी रुग्ण बरा होईल याचा भरवसा त्या औषधात नाही.

भारतातल्या या जंतूंची आणखी एक अडचण आहे. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू तपासले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे औषध मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) सापडलं. आजही आपल्याकडच्या अशा क्लेबसिएलात एनडीएम आणि ऑक्सा-४८ या दोनच जातींच्या विकरांचा पगडा आहे. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे नवं औषध एनडीएमवर एकटं चालत नाही, जोडीला ॲझट्रिओनॅम द्यावं लागतं. दोन्हींचा मिळून रोजचा खर्च हजारोंत जातो, आणि लहान शहरात रात्री ते मिळेलच असं नाही. पैसे जमवण्यात आणि औषध पुण्या-मुंबईहून मागवण्यात गेलेला एक दिवस कुठल्याच गुणपत्रिकेत धरलेला नसतो. तो धरायला हवा असं मला मनापासून वाटतं.

रुग्णाच्या अंगच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. वय वाढलं की धोका वाढतो. कर्करोगाच्या केमोमुळे पांढऱ्या पेशी घसरलेल्या, लिव्हर सिऱ्हॉसिस, डायलिसिस, बरेच दिवस स्टेरॉइड, खालावलेलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), या सगळ्यांनी वाढतो. मधुमेहाला मात्र गरजेपेक्षा जास्त दोष दिला जातो. जुन्या आजारांचं ओझं मोजायच्या चार्लसनच्या मोजणीत नुसत्या मधुमेहाला १ गुण आहे आणि त्याने अवयवांना इजा केली असेल तर २. “वडिलांनी गोड सोडलं नाही म्हणून गेले” असं घरात कुणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

एक गोष्ट टाळून मला पुढे जाता येणार नाही. शेजारच्या दोन खाटांवर एकाच आठवड्यात तोच जंतू, तसाच रिपोर्ट. हा योगायोग असू शकतो. पण क्लेबसिएला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर बहुतेक वेळा माणसांच्या हातावरून जातो. डॉक्टरांच्या, सिस्टरांच्या, मावश्यांच्या, एक्स-रेवाल्याच्या. रात्री एका सिस्टरकडे चार-पाच व्हेंटिलेटर असले की हात धुण्याची एक पायरी गळतेच. ती बाई निष्काळजी नसते, तिला दोनच हात असतात. हे बदलता येतं याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने सेंट्रल लाइन घालताना पाच साध्या गोष्टी कटाक्षाने पाळल्या: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक कपडा आणि गाऊन, क्लोरहेक्सिडिनने कातडी पुसणं, जांघेतली शीर शक्यतो टाळणं, आणि गरज संपली की लाइन त्याच दिवशी काढणं. २००६ मध्ये त्यांनी निकाल छापले: दर १,००० लाइन-दिवसांमागे (एका रुग्णात एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस) लाइनच्या रक्तसंसर्गाचा मध्यक २.७ वरून शून्यावर आला होता. यात नवं औषध एकही नव्हतं.

म्हणून माझं सांगणं असं आहे. केस पेपरची संपूर्ण प्रत लेखी अर्ज देऊन मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यात चार नोंदी शोधा: ताप आल्यावर कल्चर किती वाजता पाठवलं, लॅबचा पहिला फोन कधी आला, रिपोर्टप्रमाणे चालणाऱ्या औषधाचा पहिला डोस किती वाजता दिला, आणि अकराव्या दिवसानंतर पोटाचा सीटी झाला का. या चारांवरून कुठलाही आयसीयूचा डॉक्टर तुम्हाला मी सांगतोय त्यापेक्षा कितीतरी नेमकं सांगू शकेल. त्याच वेळी रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीला एक पत्र लिहा: शेजारच्या दोन खाटांवर तोच जंतू होता, तुम्ही तपास केलात का? शेजारच्या आजोबांचं नाव त्यात घालू नका, खाट क्रमांक आणि तारखा पुरेत. असं पत्र आमच्या युनिटला एका मुलाने चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं. त्यानंतर आम्ही खाटांच्या मधल्या सिंकच्या पाइपातून नमुने घेतले, आणि तोच जंतू तिथे निघाला. ते सिंक आम्ही त्याच महिन्यात काढून टाकलं.